शिकाऊ

नऊ वर्षं मी तिकिटं फाडली.
भंवरकुआँ, नवलखा, गीता भवन, पलासिया.
झोपेतही स्टॉप पुकारते, आई सांगते.
दर वळणावर माझा उजवा पाय
रिकाम्या फळीवर ब्रेक दाबायचा.
जोशीजींनी एकदा आरशात बघितलं. म्हणाले,
"प्रफुल्लता, तुझा पाय मला घाबरतो,
की माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे?"
मी हसले.
दोन्ही खरं होतं.

माझे पप्पा, याकोब शिरसाट, भेरूघाटात गेले.
कांद्यानं भरलेला ट्रक, उतार,
न लागलेला ब्रेक.
मी आठवीत. बीजगणिताची वही उघडी,
आणि दारात दोन माणसं, टोप्या हातात घेऊन.
वाचलेल्या मालातलं एक पोतं
मालकानं नंतर घरी पाठवलं.
आईनं त्यातला एक कांदा चिरला नाही.
कोंब आले, कुजू दिले.
पप्पांचं लायसन्स तिनं गीतांच्या वहीत ठेवलं,
नाताळची गाणी सुरू होतात तिथे.

बुधवारच्या महिला-प्रार्थनेत मी विनंती मांडली:
मला बस चालवायची आहे. भीती वाटते.
सुगंधाकाकू डोळे मिटून म्हणाल्या,
हे दयाळू बापा, हिच्या डोक्यातलं हे खूळ काढून टाक.
सगळ्यांनी आमेन म्हटलं.
सवयीनं मीही.
रात्रभर वाटत राहिलं,
भलत्याच कागदावर सही करून आले.

मग मी खूण मागितली.
दव, लोकर, काहीही चालेल म्हटलं.
खूण आली नाही. डेपोतून फॉर्म आला,
शेवटची तारीख शुक्रवार.

त्या रविवारी छावनीच्या देवळात
पाळकसाहेबांनी वादळाचा पाठ घेतला.
नावेत पाणी, आणि तो मागे,
उशीवर डोकं टेकून झोपलेला.
लहानपणापासून मी ओरडणाऱ्यांच्या बाजूची.
उठव त्याला, बुडतोय आपण.
त्या दिवशी मात्र कंडक्टरच्या नजरेनं बघितलं.

बसमध्ये कोण झोपतं ते मला ठाऊक आहे.
नुसता दमलेला नाही.
ड्रायव्हर नवखा असला
की दमलेलेही दांडा धरून जागे बसतात.
झोपतो तो, ज्यानं चालवणाऱ्यावर सोडून दिलेलं असतं.
म्हणजे त्या रात्री
वल्ही साध्या कोळ्यांच्या हातात होती
आणि त्याला ती पुरेशी वाटली होती.

प्रभू, माझा तुझ्यावर भरवसा आहे,
हे मी हजारदा म्हटलं असेन.
हेच वाक्य उलट दिशेनं
कधी ऐकूच आलं नव्हतं.

गप्प राहा, असं त्यानं वाऱ्याला सांगितलं.
माझ्या पायांना नाही.
परीक्षेच्या दिवशी ते लटलटत होते,
आठच्या आकड्यात दोनदा इंजिन बंद पडलं,
साहेब घड्याळ बघायला लागले.
थरथरत्या पायानंही क्लच दबतो,
हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

पहिली फेरी पहाटे पाच चाळीसची.
नवलख्याला आई चढली, न सांगता.
पास असून तिकीट काढलं.
माझ्या मागेच बसली, मांडीवर ती वही.
आरशात तिचे ओठ हलताना दिसत होते,
डोळे सताड उघडे.
ती कशाला झोपतेय.

पण शेवटच्या सीटवर
रातपाळीचा कुणी वॉचमन,
गळ्यात शिटी, तोंड उघडं,
काचेला डोकं लावून गाढ.
पलासियाचा खड्डा गेला,
एलआयजीचं वळण गेलं,
हलला नाही.

निरंजनपूरला मी इंजिन बंद केलं.
मागपर्यंत चालत गेले,
खांद्याला हात लावला.
"उठो भिया,
पहुँच गए."